उपाशी बाईच्या हाती विळा

गोजराबाईच्या डाव्या पायाचं, अंगठ्याशेजारचं बोट काळं पडत चाललं होतं. बाभळीचा काटा रुतला होता. तो तिनं घरीच सुईनं काढला, वर हळद दाबली आणि दुसऱ्या दिवशी विळा घेऊन सोयाबीन सोंगायला गेली. साखरेचा आजार असलेल्या माणसाला पायाची जखम लवकर कळत नाही, आणि कळली तरी ती लवकर भरत नाही. तिच्या गावाहून, रिठदहून, तिला ग्रामीण रुग्णालयात आणलं तेव्हा चप्पल पायात शिरत नव्हती.

हरीओम डॉक्टरांनी बोट पाहिलं, दाबलं, वास घेतला. मग म्हणाले, "हा बुधवार सोडून पुढच्या बुधवारी वाशिमहून सर्जन येतात. तोवर साखर उतरली आणि जखम भरायला लागली, तर ठीक. नाही तर हे बोट काढावं लागेल."

"अन् जोडवं कुठी घालू?" गोजराबाईनं विचारलं.

असा प्रश्न डॉक्टरांना आजवर कोणी विचारला नव्हता. पलंगाशी उभे असलेले तिचे मालक रामराव म्हणाले, "दुसऱ्या पायात दोन घाल."

"तुमी गप बसा जी. तुमच्याच नावाचं हाय ते. तुमी हाय तोवर मले बोट पायजे."

अशा रीतीनं गोजराबाई महिला वॉर्डात दाखल झाली, खिडकीजवळच्या पलंगावर. शेजारच्या पलंगावर दम्याच्या ललिताबाई होत्या. आणि सगळ्या वॉर्डाला मिळून दिवसपाळीला एकच सिस्टर होती, सपना इंगोले.

सपना सिस्टर हाताची हलकी होती. तिनं सुई टोचलेली कळत नसे. पण तिला कोणी बसलेलं पाहिलं नव्हतं. रिसोडहून सकाळच्या एसटीनं ती यायची, पिशवीतला डबा खिडकीच्या कठड्यावर ठेवायची, आणि तो डबा संध्याकाळच्या एसटीनं जसाच्या तसा परत जायचा. मधल्या वेळात ती सलाईन लावायची, पट्ट्या बांधायची, बाळंतिणीच्या सासूशी भांडायची आणि फोनवर रुग्णवाहिकावाल्याशी बोलायची. अलीकडे ती चिडायलाही लागली होती. दुपारनंतर तिचं डोकं ठणकायचं, आणि त्या वेळी कोणी "सिस्टर" अशी हाक मारली की "काय हाय?" हे उत्तर वॉर्डाच्या दारापर्यंत ऐकू जायचं.

त्याच महिन्यात तिला वाशिमला एका दिवसाच्या प्रशिक्षणाला पाठवलं होतं. तिथं सांगितलं की सिस्टरनं नुसती जखम पाहू नये, सगळा माणूस पाहावा. त्याचं जेवण, त्याची झोप, त्याच्या मनातली काळजी, सगळं. सपनाला ते मनापासून पटलं. शेवटचा तास 'सिस्टरचं स्वतःचं आरोग्य' या विषयावर होता. तो मात्र तिला ऐकता आला नाही, कारण रिसोडची एसटी सुटत होती.

परत आल्यावर तिनं वॉर्डाच्या भिंतीवर रंगीत तक्ता लावला. वेळेवर जेवा. पुरेसं झोपा. चिंता करू नका. मन मोकळं करा. आणि रोज सकाळी पट्ट्या बदलण्याआधी सगळ्या बायांना श्वासाचा व्यायाम सुरू केला.

"डोळे मिटा. आता नाकानं हळूहळू श्वास आत घ्या. मनात कोणताच विचार आणू नका. श्वास धरा."

बायांनी डोळे मिटले, श्वास धरला. तेवढ्यात सपनानं एकीची सलाईनची बाटली बदलली, दोघींचा ताप पाहिला आणि दारात आलेल्या माणसाला औषधाची खिडकी कुठं आहे ते सांगितलं.

गोजराबाईनं एक डोळा उघडला. तिचा चेहरा लाल झाला होता. "सिस्टर, श्वास सोडू काय आता? कवाचा धरून ठेवला."

"मी त मघाच सोडला," ललिताबाई म्हणाल्या. "मले परवडत नाई."

सगळा वॉर्ड हसला. सपनालाही हसू येणार होतं, पण तिला वेळ नव्हता.

गोजराबाई दोन दिवस नुसती पाहत राहिली. पाहण्याची तिला सवय होती, आणि पलंगावर दुसरं कामही नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी सपना इन्सुलिनची सुई घेऊन आली. ही सुई घेतली की अर्ध्या तासात जेवावं लागतं, नाही तर साखर एकदम खाली येऊन माणसाला चक्कर येते.

"आजी, पोट मोकळं करा."

"तू जेवली काय?"

"मी जेवतो मंग. हात बाजूले घ्या."

"मंग म्हन्जे कवा?"

"काम झाल्यावर."

"अन् काम कवा होते?"

सपनानं सुई पुढं केली. गोजराबाईनं लुगड्याचा पदर पोटावर ओढून घेतला. "मंग नाई घेत मी सुई."

"आजी, सुई नाई घेतली त साखर वाढते. साखर वाढली त बुधवारी बोट जाते. बोट तुमचं हाय, माहं नाई."

"मले ठाव हाय ते. म्हनूनच त म्हनतो. उपाशी बाईच्या हाती आमी विळा देत नसतो."

हे काय आहे ते सांगायला हवं. गोजराबाई तरुणपणापासून निंदण-सोंगणाच्या बायांची म्होरकी होती. शेतात बाया एका ओळीत बसून पुढं सरकतात. दुपारी सगळ्यांनी आपापली शिदोरीची फडकी एकदम सोडायची, एकमेकींच्या भाकरीवर भाजी वाढायची, आणि सगळ्यांचं आटोपल्यावरच पुन्हा विळा हातात घ्यायचा, हा तिचा कायदा होता. एखादी म्हणाली, "तुमी जेवा, मी एवढी ओळ काढतो," की गोजराबाई तिच्या हातातला विळा काढून घ्यायची. उपाशी बाईचा विळा आधी गवत कापतो, मग पीक कापतो, आणि मग शेजारणीचं बोट कापतो, असं ती सांगायची. तिच्या टोळीत कोणाचं बोट कधी कापलं गेलं नव्हतं, ही गोष्ट खरी.

"तुह्या हाती त सुई हाय," ती सपनाला म्हणाली. "अन् बोट माहं हाय."

"आजी, तुमी मले धमकी देऊन राह्यल्या काय?"

"नाई बाप्पा. तू भिताडावर लिहून ठेवलं ना, वेळेवर जेवा. ते वाचाले येत नाई मले, ललिताबाईनं वाचून दाखवलं. तुहं शिकवन मी आयकतो. जे तू करशीन ते मी करीन. तू नाई जेवली, मी नाई जेवत. तू नाई झोपली, मी नाई झोपत. पाह्य आता."

सपनानं वैतागून डबा उघडला, उभ्यानं दोन घास तोंडात कोंबले आणि सुई दिली. गोजराबाईनं सुई घेतली आणि जेवली. दुसऱ्या दिवशी तिनं मागणी वाढवली. घास बसून खायचे.

आता सपना काही कच्ची नव्हती. त्याच्या पुढच्या दिवशी ती म्हणाली, "मी ड्युटीरूममधी जेवतो, आजी. तिथी टेबल हाय." पंधरा मिनिटांनी ती आली आणि रिकामा डबा उघडून दाखवला. तळाला तेलाचा ओघळ होता. गोजराबाई समाधानानं जेवली. असं दोन दिवस चाललं. सपनाला आपल्या हुशारीचा थोडा अभिमानही वाटला.

ते दिवस भुलाबाईचे होते. आमच्याकडं भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत पोरी रोज संध्याकाळी भुलाबाईची गाणी म्हणतात. गाणी झाली की खिरापत. पण खिरापत अशी सरळ हातात पडत नाही. ती झाकणाच्या डब्यात असते. डबा हलवायचा, कानाशी धरायचा आणि आत काय आहे ते ओळखायचं. ओळखलं नाही तर ज्या घरची खिरापत, त्या घरच्या पोरी जिंकल्या. गोजराबाईच्या घरी नातींनी भुलाबाई मांडली होती, आणि तिची सून दुर्गा जेवणाचा डबा घेऊन यायची तेव्हा आजीच्या हट्टावरून खिरापतीची छोटी डबीही आणायची. आजीनं खायची नाही, नुसती हलवायची, वॉर्डातल्या बायांकडून ओळखून घ्यायची आणि त्यांना वाटून टाकायची, असं ठरलं होतं.

त्या संध्याकाळी डबी फिरत होती. एकीनं फुटाणे सांगितले, ललिताबाईंनी मुरमुरे. गोजराबाईनं कानाशी धरली आणि म्हणाली, "भिजवलेली दाळ. बसून राह्यलेला आवाज हाय."

डाळच निघाली. ती बायांना वाटत वाटत गोजराबाईनं दारात आवरत असलेल्या सपनाला विचारलं, "सिस्टर, तुह्या डब्यात आज काय होतं वं?"

"पोळी-भाजी."

"कोनती भाजी?"

सपना थांबली. "आलूची."

"वांग्याची होती," दारातून चौकीदार भाऊसिंग म्हणाला. "कालची आलूची." आणि मग त्याला आपण काय बोललो ते कळलं. त्यानं टोपी नीट केली आणि तो गेटाकडं निघून गेला, जिथं त्या वेळी कोणीही नव्हतं.

सपनाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"भाऊसिंग जाडा होऊन राह्यला, असं मले वाटलंच होतं," ललिताबाई म्हणाल्या.

गोजराबाई रागावली नाही. तिनं सपनाला जवळ बोलावलं आणि हळू आवाजात विचारलं, "घरी डबा कोन भरते?"

"अश्वजित. माहे मिस्टर. शाळेत शिकवाले जायच्या आधी."

"नवरा पहाटी उठून भाजी करते, अन् तुले ठाव नाई कोनती. त्यानं काल गोटे भरून देल्ले असते तरी तुले कळलं नसतं."

सपनानं मान खाली घातली. तिला वाईट वाटलं, आणि हसूही आलं, आणि त्या दोन्हींच्या मधे डोळ्यात पाणी आलं. ती म्हणाली, "आजी, बसलं त उठवत नाई हो मले. म्हनून बसत नाई."

"उठवू आमी," गोजराबाई म्हणाली. "इतक्या जनी हाओत."

दुसऱ्या दिवसापासून नवा कायदा झाला. दुपारी सिस्टरचा डबा वॉर्डात यायचा. बंद डबा पलंगापलंगावरून फिरायचा. प्रत्येकीनं हलवायचा, कानाशी धरायचा आणि सांगायचं. मग सपनानं स्टूलावर बसून तो उघडायचा, आणि कोण जिंकलं ते जेवून सांगायचं. चाखल्याशिवाय निकाल नाही. तेवढ्या वेळात कोणी "सिस्टर" म्हणून हाक मारायची नाही. अगदी जीव जात असेल तरच, आणि तो खरंच जातोय का ते आधी ललिताबाईंनी तपासायचं. भाऊसिंगला दाराशी उभं केलं. आजवर खाल्लेल्या भाजीची ती शिक्षा होती.

पहिल्या दिवशी डबा हलवला तर आवाजच आला नाही. कोणी म्हणालं भात, कोणी पिठलं. निघाली गवारीची भाजी, खाली करपलेली, डब्याला चिकटून बसलेली.

"मास्तरले गवार येत नाई," एका बाळंतिणीनं निकाल दिला.

"त्याले सांगजो," गोजराबाई म्हणाली, "का आधी झाकन ठेवून वाफेवर शिजू दे, अन् पानी नको घालू, मंग तिखट टाक. अन् सांगजो का वॉर्डानं सांगतलं."

सपनानं ते घरी सांगितलं. अश्वजित जरा रुसला, मग त्यालाही चेव आला. तो मुद्दाम ओळखू येऊ नये असं भरायला लागला. एकदा त्यानं पोळ्यांच्या मधे शेंगदाणे सुटे टाकले, आणि सगळा वॉर्ड फसला. रोज दुपारी डब्याची वाट पाहिली जायला लागली. ज्या बाया रुग्णालयाचं वरण पाहून तोंड फिरवायच्या, त्या सिस्टर जेवते म्हणून जेवायला लागल्या. सपनाचं दुपारचं डोकं ठणकणं कमी झालं. "काय हाय?" हे उत्तर आता पलंगापुरतंच ऐकू जायचं.

एकच गोष्ट नीट होत नव्हती. गोजराबाईची साखर उतरायला तयार नव्हती. जेवण मोजकं, सुई वेळेवर, तरी सकाळी हाताच्या बोटातून रक्त घेतलं की आकडा वरच. हरीओम डॉक्टर कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "सिस्टर, हे असंच राहिलं तर सर्जन दुसरं काही करणार नाहीत." बुधवार जवळ आला होता. गोजराबाईनं त्या दिवशी डबा न हलवताच पुढं दिला.

त्याच दुपारी सपना स्टूलावर बसून भाकरी खात होती. उभं राहिलं की वॉर्डात माणसांचे चेहरे दिसतात. बसलं की पलंगाच्या खालचं दिसतं. तिला गोजराबाईच्या पलंगाचा पाय दिसला, आणि त्या पायावरून वर जाणारी मुंग्यांची ओळ दिसली. नीट, शिस्तीत, शाळेतल्या पोरांसारखी. ओळ गादीच्या कडेनं जाऊन उशीखाली शिरत होती.

सपनानं हात धुतले. उशीखाली हात घातला. एक छोटी डबी निघाली. गोजराबाईनं खिडकीबाहेर पाहायला सुरुवात केली.

सपना ओरडली नाही. तिनं डबी कानाशी धरली, हलवली. "ललिताबाई, ओळखा."

"पेढे," ललिताबाई म्हणाल्या. "बसका आवाज हाय."

"लाडू," बाळंतीण म्हणाली.

"आजी, तुमी ओळखा."

"शेंगदान्याचे लाडू," गोजराबाई खिडकीकडंच पाहत म्हणाली. "गुळाचे."

दोनच उरले होते. बाकीचे कुठं गेले ते मुंग्यांनाही माहीत होतं. दुर्गा वाटायला म्हणून आणायची त्यातले एक-दोन आजी बाजूला ठेवायची, हे मग सगळ्यांच्या लक्षात आलं.

"जे मी करीन ते तुमी करान, असं ठरलं होतं ना," सपना म्हणाली. "मी त लाडू नाई खाल्ले."

"तू भाऊसिंगले भाजी देल्ली, ते ठरलं होतं काय?"

"नाई. पन भाऊसिंगचं बोट नाई जाऊन राह्यलं बुधवारी."

यावर कोणी हसलं नाही. गोजराबाईचा हात चादरीवर फिरत राहिला. मग ती सांगू लागली. रात्री झोप लागत नाही. डोळा मिटला की बोट दिसतं. तिच्या मोठ्या बहिणीचंही असंच झालं होतं, बोटापासूनच. आधी बोट, मग पाऊल, मग गुडघ्यापर्यंत, आणि मग बहीणच राहिली नाही. जोडव्याचं ती सगळ्यांना सांगत होती, कारण जोडव्याचं सांगता येत होतं. हे सांगता येत नव्हतं. "गोड तोंडात असलं त जरासं बरं वाटते," ती म्हणाली. "लहान पोरीवानी."

सपनानं स्टूल पुढं ओढलं. भिंतीवरच्या तक्त्यात 'चिंता करू नका' असं लिहिलं होतं, ते किती बिनकामाचं आहे हे तिला तिथं बसल्या बसल्या कळलं. तिनं ते वाक्य काही म्हटलं नाही. तिनं विचारलं, "तुमी जखम पाह्यली कवा?"

"नाई. मले वाकता येत नाई. अन् पाह्यची बी नाई."

सपनानं ललिताबाईंकडून वेणी घालायचा आरसा घेतला, पट्टी सोडली आणि आरसा पायाच्या खाली धरला. मग लहान मुलाला धडा शिकवावा तसं एकेक करून दाखवलं. हे काळं आहे ते मेलेलं. हे पिवळं आहे ते धुऊन काढायचं. आणि ही कडेनं लाल रेघ दिसते, डाळिंबाच्या दाण्यासारखी, ते नवं मांस.

"हे जित्तं हाय?" गोजराबाईनं विचारलं.

"जित्तं हाय. ते वाढलं पायजे. गुळाचे लाडू खाल्ले त ते वाढत नाई, ते सडते. तुमच्या बहिनीले हे कोनी दाखवलं होतं काय?"

"कोनी नाई."

"मंग तुमचं तिच्यासारखं कसं होईन?"

गोजराबाईनं आरसा स्वतःच्या हातात घेतला. शेतातलं पीक पाहावं तसं तिनं त्या लाल रेघेकडं बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "दुर्गाले सांगजो, खिरापत आनू नको. फुटाने बी नको."

त्यानंतर तिनं आरसा काही परत दिला नाही. रोज पट्टीच्या वेळी ती लाल रेघ किती सरकली ते सगळ्या वॉर्डाला सांगायची. ललिताबाईंना वेणी अंदाजानं घालावी लागली. रात्री झोप यायला वेळ लागायचा, पण बहिणीबद्दल एकदा बोलून झालं होतं, त्यामुळे आता ती ललिताबाईंना बहिणीच्या चांगल्या गोष्टीही सांगायची, आणि सांगता सांगता झोपायची. आकडा खाली यायला लागला. एकदम नाही, माणूस पायरी उतरतो तसा.

बुधवारी सर्जन आले. उंच, घाईतले, हातात मोबाइल. रामराव सकाळपासून कोपऱ्यात बसले होते. सर्जननी पट्टी सोडली, बोट दाबलं, चिमट्यानं कडा तपासली. गोजराबाईनं आरसा लावून ठेवला होता, त्यामुळे दोघं एकाच वेळी पाहत होते.

"हे लाल जित्तं हाय," ती त्यांना म्हणाली. "ते नका कापू."

सर्जननी तिच्याकडं पाहिलं, मग सपनाकडं पाहिलं. "कोणी शिकवलं हिला?"

"तिनंच," गोजराबाई म्हणाली. "बसून शिकवलं."

सर्जननी वरचा मेलेला भाग तेवढा काढला. बोटाचं टोक थोडं आखूड झालं. "बोट राहू द्या," ते म्हणाले. "पण पंधरा दिवस अजून इथंच. पट्टी रोज, साखर रोज. बिघडलं तर मला कळवा." आणि ते पुढच्या वॉर्डात गेले.

रामराव कोपऱ्यातून उठून आले. त्यांनी बोटाकडं पाहिलं आणि म्हणाले, "जोडवं जरा लहान करून आनतो सोनाराकडून." गोजराबाईनं तोंडावर पदर घेतला. बायांनी दुसरीकडं पाहिलं.

संध्याकाळी सपना पिशवी घेऊन पलंगापाशी आली. "आजी, उद्या मी येत नाई. सुट्टी टाकली."

"काहून? बरं नाई काय?"

"बरं हाय. झोपतो दिवसभर."

वर्षभरात तिनं अशी सुट्टी घेतल्याचं रुग्णालयात कोणाला आठवत नव्हतं. गोजराबाईनं ते तोलून पाहिलं आणि मान हलवली. "झोप. अन् माही पट्टी?"

"मंगरूळपीरहून बदलीची सिस्टर येते. राठोड सिस्टर. कामाची हाय, लय चपळ. एका जागी उभी राहत नाई."

"असं काय," गोजराबाई म्हणाली.

सपना एसटी गाठायला गेली. गोजराबाई उशीला टेकून विचार करत राहिली. मग कोपऱ्यातल्या नवऱ्याला म्हणाली, "आयका जी. माही खाट जराशी दाराकडं सरकवा."

"कायले?"

"इथून सगळं दिसत नाई."